गरवार बाईचे दुखणे : साधे कोणते, धोक्याचे कोणते?



तुमच्या गोठ्यातली गाय गाभण गेली की तुम्ही दिवस मोजायला लागता. साधारण २८० दिवसांनी गाय विते. शेवटचे दोन महिने राहिले की तुम्ही तिला आटवता, लांब चरायला सोडत नाही, खुराक वाढवता, पाय घसरणार नाही अशा कोरड्या जागी बांधता. हे कुणी शिकवावे लागत नाही. न आटवता धार काढत राहिले तर गाय खंगते, वासरू अशक्त निपजते आणि पुढचे वेत बुडते, हे तुम्हाला ठाऊक असते.

आता बाईचा हिशेब मांडा. शेवटच्या पाळीपासून धरले तर तिचेही दिवस २८०च. आपल्या आयाबाया 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात ते हेच. पण सातव्या-आठव्या महिन्यात तिला कामातून कोण मोकळे करतो? बाईची जनावराशी तुलना केली म्हणून राग मानू नका. मी शेतीखात्याचा माणूस, डिप्लोमा शेतीचा. मला उदाहरण सुचते ते गोठ्यातले आणि बांधावरचे. औषधोपचार हा डॉक्टरांचा विषय, त्यात मी हात घालणार नाही. पण कोणते दुखणे घरच्या घरी सोसण्यासारखे आणि कोणते दिसताच गाडी बोलवायची, एवढे प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाला कळले पाहिजे, म्हणून हा लेख.

मी न विचारलेला प्रश्न

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर मी तुरीवरची अळी पाहायला गेलो होतो. वस्तीवर कारखान्याला निघायची गडबड चालली होती. पत्रे, भांडी, ज्वारीचे पोते, शेळ्या, सगळे ट्रॅक्टरमध्ये भरणे चालू होते. घरातली धाकटी सून सहा महिन्यांची गरवार. ती ट्रॉलीत हंडे चढवत होती. मी सवयीप्रमाणे बैलांची चौकशी केली. खुरं बघितली, पत्र्या ठोकल्या का विचारले, लसीचे विचारले. सुनेच्या पायावरची सूज मला दिसली होती. मी सहज म्हटले, "मावशी, सुनबाईला मागं ठेवायचं ना."

सासू म्हणाली, "काय करावं साहेब, उचल घेतलीय. ती न्हाई आली तर पोराचा अर्धा कोयता व्हतो. आन् पाय तर आमचे बी सुजायचे की."

मी पुढे काही बोललो नाही. रक्तदाब मोजला का, कार्ड काढलंय का, हे विचारायला हवे होते. बैलाच्या खुरांबद्दल विचारणाऱ्या माणसाला ते सुचले नाही.

जानेवारीत कळले. फडात दोन दिवस तिचे डोके ठणकत होते, डोळ्यापुढे अंधारी येत होती. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून दिली. खाडा पडू नये म्हणून तिसऱ्या दिवशीही ती मोळ्या बांधायला गेली आणि तिथेच तिला झटके आले. दवाखान्यात नेले. बाई वाचली, बाळ गेले. रक्तदाब फार वाढला होता. दोन दिवस आधी आणले असते तर दोघेही वाचण्याची आशा होती, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले. ऑक्टोबरातली ती पायाची सूज कदाचित साधीही असेल. पण साधी की धोक्याची, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आपल्या जिल्ह्याचे दुखणे

बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, गेवराई, परळी, कोणत्याही तालुक्यातले गाव घ्या, दसरा-दिवाळीनंतर तिथली निम्मी घरे कुलूपबंद दिसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीची. त्यामुळे बाई गरवार असो की आजारी, ती घरी राहिली की उचलीचे गणित मोडते. खाडा झाला की पैसे कापले जातात.

याचा परिणाम आपण पाहिला आहे. २०१९ साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर २०२५ साली आरोग्य विभागाची माहिती वर्तमानपत्रांत आली, तीत दीड हजारांहून अधिक बायका गरोदरपणात ऊसतोडीला गेल्याचे दिसले. हे आकडे कागदावरचे वाटतात. पण दर गावात चार-पाच अशी घरे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे.

कोयत्याला न जाणाऱ्या घरातही परिस्थिती फार वेगळी नाही. कापूस वेचणी, सोयाबीन काढणी, खुरपणी, शेणकूर, पाणी, सगळे बाईच्याच माथी. तेव्हा पुढची माहिती सगळ्यांसाठीच आहे. घरातल्या बायकांना हा लेख वाचून दाखवा.

साधी दुखणी आणि घरचे उपाय

*मळमळ आणि उलट्या.* पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकींना होतात आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात कमी होतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी ज्वारीच्या लाह्या, फुटाणे किंवा भाकरीचा कोरडा तुकडा खावा आणि पाचेक मिनिटांनी सावकाश उठावे. दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. फोडणीचा, तेलाचा वास सहन होत नसेल तर काही दिवस चूल दुसऱ्या कुणी सांभाळावी. आल्याचा छोटा तुकडा, लिंबूपाणी चालते. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, बाई गळून गेली असेल तर ते साधे दुखणे नाही. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागते.

*छातीत जळजळ.* पोट वाढते तशी जळजळ वाढते. रात्री तिखट, तळलेले टाळावे. जेवण झाल्यावर तास-दोन तास आडवे होऊ नये. झोपताना डोक्याखाली व खांद्याखाली गोधडीची घडी ठेवून वरचा भाग उंच करावा. चहा कमी करावा. एक लक्षात ठेवा. जळजळ नेहमीची असते, पण शेवटच्या महिन्यांत बरगडीखाली उजव्या बाजूला जोराची कळ येऊ लागली आणि डोकेही दुखत असेल तर ती जळजळ समजून सोडा पाजत बसू नका. तो वाढलेल्या रक्तदाबाचा इशारा असू शकतो.

*कंबरदुखी.* पोटाचा भार पुढे येतो, कंबर मागे वाकते आणि सांधे सैल पडतात, म्हणून कंबर धरते. कमरेतून वाकून काही उचलू नये. गुडघे मोडून खाली बसावे आणि वस्तू अंगाजवळ धरून उठावे. खुरपताना एकाच जागी फार वेळ बसू नये, अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. कोमट कापडाने शेकावे. झोपताना कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेले लुगडे ठेवावे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणे, भरलेले हंडे वाहणे, कापसाचे गठुळे उचलणे, हे गरवार बाईचे काम नाही. उसाची मोळी २५-३० किलोंची, कधी त्याहून जड. फळीवरून पाय घसरला तर काय होईल, हे सांगायला नको.

*पायात गोळे येणे.* बहुधा रात्री येतात. गोळा आला की पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढावा, पोटरी चोळावी. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात. दूध, नाचणी, तीळ खाण्यात असावे आणि उपकेंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून नियमित घ्याव्यात.

*पायाला सूज, फुगलेल्या शिरा.* दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी घोट्यापाशी सूज येणे आणि रात्री पाय उशीवर उंच ठेवून झोपल्यावर सकाळी उतरणे, ही नेहमीची सूज. सकाळीही न उतरणारी, हातावर, तोंडावर, डोळ्यांभोवती आलेली, बांगड्या घट्ट करणारी सूज मात्र धोक्याची. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला तर थांबू नये. एकाच पायाला सूज, तो पाय लाल, गरम आणि दुखरा, असे असेल तरी डॉक्टर गाठावा. सूज आली म्हणून पाणी किंवा जेवण बंद करू नये, तो गैरसमज आहे.

*शौचाला खडा होणे, मूळव्याध.* गरोदरपणात आतड्यांची चाल मंदावते. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकी, हुलगे, पेरू आणि दिवसभरात भरपूर पाणी, हा उपाय. लोहाच्या गोळीने शौच काळे होते. त्यात घाबरण्याचे काही नाही आणि त्यासाठी गोळी बंद करायची नाही. जुलाबाचे औषध मात्र मनाने घेऊ नये.

*सारखी लघवीला होणे.* पोटातले बाळ मूत्राशयावर भार देते, त्यामुळे हे होतेच. पण आपल्याकडे बायका वेगळेच करतात. फडात, रानात आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी अंधार पडेपर्यंत दाबून धरतात. यातून लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, तो वर किडनीपर्यंत चढतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. लघवीला आग, उन्हाळी, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप, यांपैकी काही झाले तर लघवी तपासून औषध घ्यावे. आणि पुरुष मंडळींनी चार खुंट रोवून जुन्या साडीचा आडोसा करून द्यावा. याला अनुदानाची गरज नाही.

*अंगावरून पांढरे जाणे.* पातळ, पांढरे, वास नसलेले पाणी थोडे जास्त जाणे गरोदरपणात नेहमीचे आहे. सुती कपडा, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेला, वापरावा. खाज, घाण वास, हिरवट-पिवळा रंग असेल तर तो संसर्ग आहे आणि तो औषधाने बरा होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पांढरे जाते, कंबर दुखते एवढ्या तक्रारीवरून पुढे 'पिशवी काढून टाका' या सल्ल्यापर्यंत अनेक बायका पोचल्या. मुळात दुखण्यावर वेळेवर औषध झाले असते तर ही वेळ आली नसती. असा सल्ला कुणी दिला तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

*चक्कर, दम, थकवा.* एकदम उठल्याने, उपाशीपोटी, उन्हात चक्कर येते. कुशीवर वळून हळू उठावे, पहाटे उपाशी कामाला जाऊ नये. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर उताणे झोपू नये, डाव्या कुशीवर झोपणे चांगले. पण चार पावले चालल्यावर दम लागणे, तळहात व पापणीच्या आतली बाजू पांढरी पडणे म्हणजे अंगात रक्त कमी आहे. तिकडे आता वळू.

रक्त वाढवायचे ते घरातून आणि शेतातून

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या वर हवे. ७ च्या खाली गेले तर ते फार गंभीर, दवाखान्यात दाखल व्हावे लागते. बाळंतपणात रक्त जातेच. ज्या अंगात मुळात रक्त नाही, त्यातून थोडे गेले तरी जीव जातो.

लोह व फॉलिक ॲसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यायची असते. ती फुकट मिळते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत, नाहीतर लोह अंगी लागत नाही. गोळीने बाळ काळे होते, फार मोठे होऊन अडते, असे म्हणतात ते खरे नाही. 'कमी खाल्लं की बाळ लहान, सुटका सोपी' हेही खोटे. कमी वजनाचे बाळ जगवायला फार अवघड.

माती, राख, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे याला आपण डोहाळे म्हणून हसतो. पुष्कळदा ती रक्त कमी असल्याची खूण असते. डोहाळे पुरवू नका, रक्त तपासा.

आता माझ्या विषयाचे. बाजरी हे आपल्या भागाचे लोहयुक्त धान्य. त्यातही 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण जास्त लोहासाठीच काढलेले आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ साली आले. साध्या ज्वारीत किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, या वाणात ते ४५ च्या आसपास आहे, जस्तही जास्त आहे. विकण्यासाठी काय पेरायचे ते पेरा, पण घरच्या खाण्यापुरते अर्धा एकर असे वाण पेरायला काय हरकत आहे?

दारापुढे सांडपाण्यावर परसबाग करा. एक शेवगा, एक लिंबू, कढीपत्ता, दोन वाफे मेथी-पालक, कडेला तांदुळजा. शेवग्याचा पाला पिठात घालून भाकरी करता येते. भाजीवर लिंबू पिळल्याने लोह जास्त अंगी लागते, जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते वाया जाते. लोखंडी तवा, लोखंडी कढई वापरा. चालत असेल तर अंडी, मटण, मासे द्या. आणि ताटाचा क्रम बदला. सगळे जेवल्यावर उरलेले गरवार सुनेने खायचे, ही रीत मोडा. अंगणवाडीतून तिच्या नावाचा घरपोच आहार येतो, तो तिच्याच पोटात जाऊ द्या.

मिश्री आणि अंगदुखीची गोळी

मळमळ थांबते, पोट साफ होते म्हणून गरोदरपणात मिश्रीचे प्रमाण वाढते, हे आपल्याकडे घरोघर दिसते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्याने बाळाचे वजन घटते, बाळ पोटात दगावण्याचा, आधीच जन्मण्याचा धोका वाढतो. हे सासूबाईंनीही ऐकावे, कारण डबी बहुधा त्यांच्याच हातात असते.

दुसरे, दुकानात मिळणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या. तोडणीच्या काळात अनेकजणी रोज रात्री एक घेऊन झोपतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या गरवार बाईने मनाने घेऊ नयेत. पाचव्या महिन्यानंतर त्यांनी बाळाच्या किडनीला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. दुखतेच आहे तर काय घ्यायचे ते नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारा.

फवारणी आणि गोठा

कीटकनाशक, तणनाशक फवारणे, औषध कालवणे, फवारणीचे कपडे धुणे, ही कामे गरवार बाईला देऊ नका. नुकत्याच फवारलेल्या कपाशीत तिला वेचणीला, खुरपणीला पाठवू नका. डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा काळ तिच्यासाठी तर पाळाच. औषधाचे रिकामे डबे धुऊन पाण्याला वापरणे आजही दिसते, ते बंद करा.

गोठ्यात गाय-म्हैस, शेळी अवेळी गाभडली तर तो वार, ते मेलेले पिल्लू गरवार बाईने उचलू नये. सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलाचा, जंतू माणसालाही लागतो, ताप येतो आणि गर्भालाही धोका होतो. पुरुषांनी हातमोजे घालून ते खोल पुरावे, वर चुना टाकावा. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना या रोगाची लस आयुष्यात एकदा द्यायची असते, ती टोचून घ्या. दूध उकळूनच प्या.

या खुणा दिसल्या तर एक तासही थांबू नका

हा भाग कापून चुलीजवळच्या भिंतीला लावा.

१. अंगावरून रक्त जाणे, थोडे असले तरी.
२. जोराचे डोके दुखणे, डोळ्यापुढे अंधारी, धूसर दिसणे.
३. तोंडावर, हातावर सूज.
४. झटके येणे, बेशुद्ध पडणे.
५. जोराचा ताप.
६. पोटात सतत किंवा जोराची कळ, दिवस भरण्याआधी कळा सुरू होणे.
७. अंगावरून एकदम पाणी जाणे.
८. बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे.
९. बसल्या जागी दम लागणे.

अशा वेळी १०८ ला फोन करा. गरोदर मातेला दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडीही आहे, तिचे पैसे लागत नाहीत. अवघड बाळंतपणासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. त्यात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, ने-आण, सगळे मोफत.

कोयत्याला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी

पहिला सल्ला असा की सातवा लागलेल्या बाईला नेऊच नका. मला ठाऊक आहे, सांगणे सोपे आहे. उचल घेताना, म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्यातच, मुकादमाशी बोलून ठेवा की घरात गरवार बाई आहे, उचल तेवढी कमी द्या. दसऱ्याला सांगून उपयोग नाही, तोवर पैसा खर्च झालेला असतो. बाई मागे राहिली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये तिच्या खात्यावर येतात. त्याने उचल फिटत नाही, पण घर काही दिवस चालते.

नेणे भागच असेल तर एवढे करा. बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नाव नोंदवा, एकंदर निदान चार तपासण्या झाल्या पाहिजेत. निघण्यापूर्वी रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, वजन तपासून, रक्तगट कार्डावर लिहून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाईजवळच द्या, ट्रॅक्टरच्या तळाला नको. लोह-कॅल्शियमच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. कारखान्याच्या गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथल्या आशाताईंना आणि अंगणवाडीला भेटा. कार्ड राज्यात कुठेही चालते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी असते. त्या दिवशीचा खाडा हा खाडा धरू नये, हे मुकादमाशी आधीच ठरवा.

एक साधी गोष्ट. फडात असताना १०८ ला फोन लावला तरी 'कुठे आहात' याचे उत्तर सांगता येत नाही, म्हणून गाडी फिरत राहते. रोज सकाळी गावाचे नाव, ऊसमालकाचे नाव आणि जवळची खूण लिहून ठेवा.

माजलगाव, गेवराईकडच्या ऊस बागायतदारांनाही हात जोडून सांगणे आहे. तुमच्या फडात टोळी आली की प्यायला स्वच्छ पाणी, सावलीला झाड आणि शेतातल्या घराचे संडास एवढे मोकळे करा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील यांच्यासाठी

गावातून किती कोयते गेले याची यादी मुकादमाकडे असते, ग्रामपंचायतीकडेही असू द्या. त्यात गरवार बाया किती, कितवा महिना, कोणत्या कारखान्याला, फोन नंबर काय, हे आशाताई, नर्सबाई आणि अंगणवाडीताईंना बसवून दसऱ्याआधी लिहून घ्या. ज्या मागे राहतील त्यांना गावातच हलके काम, रोपांना पाणी घालणे, रोपवाटिका, पाळणाघर सांभाळणे, मिळेल असे बघा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर न ठेवता तिची बैठक घ्या. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची नोंदणी व ओळखपत्र प्रत्येक कोयत्याजवळ आहे का, ते पाहा.

आणि एक कटू गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या चाळीसहून अधिक मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. जोडी झाली की कोयता मिळतो, म्हणून लग्न. कालवड वयात येण्याआधी, तिचे वजन भरण्याआधी आपण भरवत नाही. सोळा वर्षांच्या लेकीला मात्र बाळंतपणाला उभी करतो. ग्रामपंचायत अधिकारी गावाचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मांडव पडण्याआधी विचारणे हे त्यांचे काम आहे, आणि त्यांना साथ देणे हे गावाचे.

शेवटी

त्या वस्तीवर मी गेल्या हंगामाआधी पुन्हा गेलो होतो. सुनेला पुन्हा दिवस गेले होते. या वेळी आधी तिची चौकशी केली, मग बैलांची. सासूने आतून कार्ड आणून माझ्या हातात दिले. रक्तदाबाचे चार आकडे ओळीने लिहिलेले होते.

"औंदा तिला न्हाई नेत साहेब," ती म्हणाली. "मीच जाते पोराबरोबर. अर्धा तर अर्धा."

फाल्गुनात मुलगी झाली, पावणेतीन किलोची. शेतकरी बंधूंनो, यंदा मुकादम उचलीचा हिशेब मांडायला दारात बसेल, तेव्हा त्या हिशेबात घरातल्या गरवार बाईचे महिनेही मोजा.